थान सुजलं? शेक-मालिश सुरू करण्याआधी या चुका टाळा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत एका बाजूचं थान अचानक लाल, गरम, कडक होतं आणि हुडहुडी भरून ताप चढतो. हा स्तनदाह. दुधाच्या नळ्यांभोवती सूज आली की नळ्या आवळतात आणि दूध मागं तुंबतं. बोंडाला चीर पडली असेल तर कातडीवरचे जंतू तिथून आत शिरतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे त्या बाजूनं पाजणं बंद करणं. "तापातलं दूध लेकराला बाधतं" हे खरं नाही. पाजणं एकदम थांबलं की दूध आणखी दाटतं, पू धरायची भीती वाढते. पण थान रिकामं करायच्या नादात सारखा पंपही लावू नका. जितकं काढाल तितकं जास्त तयार होतं. ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला गेल्यानं पाजायची वेळ हुकली, तर हलकं वाटेल इतकंच हातानं पिळा.

बाळाच्या तोंडात नुसतं बोंड देऊ नका, भोवतीचा काळा भागही जायला हवा. सोडवताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घाला. ओढून काढलं की चीर पडते.

गाठ मोडायला तेल लावून रगडणं थांबवा. त्यानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. शेगडीच्या शेकानं घटकाभर बरं वाटतं, पण सूज वाढू शकते. बाळंतिणीला गार लावायचं म्हटलं की घरातल्या जुन्या बायका घाबरतात, तरी इथं गारच कामाला येतं: फडक्यात गुंडाळलेला बर्फ, नाहीतर माठातल्या पाण्यात पिळलेलं फडकं, दहा-पंधरा मिनिटं. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं.

24 तासांत उतार पडला नाही, किंवा आधीच फार गळाल्यासारखं झालं, तर दवाखाना गाठा. दिलेल्या अँटिबायोटिकचा कोर्स ताप उतरला म्हणून अर्ध्यात सोडू नका. दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखी गाठ लागली तर पू झालेला असू शकतो. सोनोग्राफी करून तो बहुतेकदा सुईनं काढतात. घरी ब्लेड-सुई लावू नका.

अंगावर पाजत नसलेल्या बाईचं थान सुजलं तर "दूध अडकलंय" म्हणून बसू नका. बिडी-सिगारेट, मधुमेह, क्वचित टीबीही त्यामागं असतो. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत ओढलं गेलं, किंवा आठ-दहा दिवसांच्या औषधानंही लाली हटली नाही, तर तीच औषधं पुन्हा लिहून घेऊ नका. कर्करोगाची एक जात अशीच दिसते, आणि तिच्यात गाठ हाताला लागेलच असं नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात सोनोग्राफी करा, तुकडा काढून तपासायला लावा.