वाडीच्या खळ्यात मेबल नॉर्मंड

मूकपटांच्या काळातील अमेरिकी विनोदी अभिनेत्री आणि दिग्दर्शिका मेबल नॉर्मंड हिची कारकीर्द व्याख्यानातून सांगण्यापेक्षा तिचे दोन मूकपट दाखवून सांगावी. मालवणकडचा प्रेक्षक दशावतारातल्या संकासुराच्या खोड्या पाहत मोठा झालेला असतो. त्याला मेबलची खोडी समजावून सांगावी लागत नाही.

भातकापणी उरकून खळे सारवले की दिवस ठरवावा. पडद्यासाठी मांजरपाट घेऊन त्याच्या खालच्या काठात बांबू ओवावा, नाहीतर वाऱ्याने मेबलचे नाक हलत राहते. माणसे फारच लगबगीने धावताना दिसली, तर प्रतीचा वेग पाऊणपट करावा, कारण त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत आणि त्याची गती ठरलेली नसे. प्रतीला नव्याने जोडलेल्या संगीतावर हक्क असू शकतो. म्हणून आवाज बंद करून दशावतारी मंडळींकडून पेटी, पखवाज व झांज वाजवून घ्यावी. पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मालवणीत वाचणारा माणूस मात्र आवरता घ्यावा. आमच्याकडच्याने पहिल्याच खेळात शेवट सांगून टाकला होता.

सुरुवात ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ने (१९१४) करावी. फळ्यावर चॅप्लिनच्या आधी मेबलचे नाव लिहावे, कारण दिग्दर्शन तिचे आहे आणि भटक्याच्या वेषातला चॅप्लिन कॅमेऱ्यापुढे प्रथम याच चित्रपटासाठी उभा राहिला. त्याच वेषातला त्याचा दुसरा एक चित्रपट दोन दिवस आधी प्रदर्शित झाला, एवढेच. रात्रीच्या कपड्यांत हॉटेलातील खोलीबाहेर अडकलेली मेबल परक्या खोलीत पलंगाखाली दडते, तेव्हा तिच्या डोळ्यांकडे पाहावे.

मग तीन रिळांचा ‘फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट’ (१९१६) लावावा. किनाऱ्यावरचे नवविवाहितांचे घर खलनायक भरतीच्या पाण्यात लोटतो आणि झोपलेले जोडपे पाण्यावर तरंगणाऱ्या पलंगांवर जागे होते. उधाणाचे पाणी अंगणापर्यंत आलेले पाहिलेल्या माणसांना हा विनोद इतरांपेक्षा आधी कळतो.

बाकीचे पाच मिनिटांत सांगावे, तेही खेळ संपल्यावर: मॅक सेनेटच्या कीस्टोन या विनोदी चित्रपटांच्या कंपनीतील वर्षे, १९१८चा ‘मिकी’ हा चित्रपट, १९२२मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर याच्या हत्येनंतर वर्तमानपत्रांनी तिच्यामागे लावलेला ससेमिरा आणि १९३०मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, क्षयाने आलेला मृत्यू. हे आधी सांगितल्यास लोक तिच्या हसण्यातही दुःख शोधत बसतात. सांगून झाल्यावर पोरांनी हट्ट धरलाच, तर घर तरंगते तेवढा तुकडा पुन्हा लावावा.