लष्करी टायर स्वस्तात मिळाले? बसवण्याआधी या चुका टाळा

लष्कराने मोडीत काढलेला टायर समोर आला की आपली नजर आधी नक्षीवर जाते. नक्षी भरपूर उरलेली, रबर जाडजूड, किंमत नव्याच्या मानाने काहीच नाही. सौदा तिथेच पक्का होतो आणि टायरच्या कडेवर काय कोरलंय ते वाचायचं राहून जातं. पुढच्या जवळपास सगळ्या अडचणी त्या न वाचलेल्या आकड्यांतून येतात.

अर्ध्या इंचाची चूक

ही सगळ्यात घातक. हमवीचा, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या फोर-व्हील गाडीचा, नेहमीचा टायर 37x12.50R16.5 मापाचा. शेवटचे 16.5 म्हणजे रिमचा व्यास. दुसरीकडे 7.50-16, 9.00-16, 255/100R16 हे लष्करी टायर साध्या 16 इंची रिमचे. ढिगात हे सगळे शेजारी शेजारी पडलेले असतात आणि "अर्धा इंच काय, बसेल की" म्हणणारा कोणीतरी भेटतोच.

16 चा टायर 16.5 च्या रिमवर चढतो, खरा धोका तोच. बीड म्हणजे टायरची रिमला टेकणारी, आत तार असलेली कडा. दोन्ही रिमचा बीड टेकतो तो काठ वेगळ्या उताराचा असतो: 16 ला 5 अंश, 16.5 ला 15 अंश. त्यामुळे टायर चढतो, पण बीड जागेवर कधीच बसत नाही. मग माणूस अजून थोडी हवा मारतो, मग अजून थोडी. शेवटी बीडमधली तार तुटते आणि टायर फुटतो. हवा मारणारा नेमका वर वाकलेला असतो. यात माणसं दगावली आहेत. रिमचं माप रिमवरच कोरलेलं असतं. गंजाखाली दडलं असेल तर ब्रशने घासून वाचा. अंदाज नको.

माप बरोबर असलं तरी बीड बसवताना 40 पीएसआयच्या वर जायचं नाही. तेवढ्यात बसला नाही तर हवा पूर्ण सोडा, बीडला साबणाचं पाणी लावा, पुन्हा प्रयत्न करा. हवेची नळी लांब आणि तोंडाला क्लिप असलेली घ्या, म्हणजे बाजूला उभं राहता येतं. बीड बसवायला पेट घेणारा स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ बघायला मजेशीर असतात, तेवढ्यावरच थांबा.

टायरसोबत आलेली रिम

हमवीची रिम दोन भागांची, बोल्टने जोडलेली असते. आतल्या वर्तुळातले नट चाक हबला धरतात, बाहेरच्या वर्तुळातले नट रिमचे दोन भाग एकत्र ठेवतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचा नट सैल केला तर रिमचा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मग व्हॉल्व्हमध्ये तार घालून तो चिखलाने बुजलेला नाही याची खात्री करा. त्यानंतरच पाना हातात घ्या. परत जोडताना मधली रबरी ओ-रिंग नवीच घाला. लष्करी ट्रकच्या 20 इंची लॉक रिंगवाल्या रिमचं काम तर घरी करूच नका. ते चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा मारणाऱ्याकडेच न्यावं.

हमवीच्या रिमवर, टायरच्या आत रनफ्लॅट असतो, म्हणजे हवा गेली तरी गाडी चालत राहावी म्हणून बसवलेलं कडक कडं. वजन कमी करायला तो काढून टाकण्याचा मोह होतो. पण दोन्ही बाजूंचे बीड रिमला दाबून धरतो तो हाच. तो काढला तर त्याच्या जागी योग्य मापाची बीडलॉक रिंग हवी. ही रिम आतल्या बाजूला बरीच खोलही असते, म्हणून दुसऱ्या गाडीला लावली की स्टीअरिंगच्या सांध्यांना घासू शकते.

टायर साध्या एकसंध 16.5 च्या रिमवर चढवणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. त्या रिमला बीड अडवणारा उंचवटा नसतो. वाळूत हवा कमी केली की टायर रिमवरून उतरतो. ऑफ-रोडला हवा कमी न करता चालवायचं असेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला पडतो.

नक्षी नवी, रबर म्हातारं

असे टायर बरेचदा झिजून नव्हे, वय झालं म्हणून बाहेर पडतात. टायरच्या कडेवर DOT अक्षरांनी सुरू होणारा डॉट क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पाहा: 2309 म्हणजे 2009 सालचा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा, तो सोडून द्या. बाहेरून चकाकी आणलेली असते, म्हणून नक्षीच्या खाचा, बीडजवळची घडी आणि आतली बाजू बॅटरीच्या उजेडात तपासा. दोरा दिसेल असा तडा किंवा आत उघडी तार असेल तर तो टायर फुकटही नको.

बसवल्यावरच्या तक्रारी

निघताना स्टीअरिंग थरथरतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी थांबतं? नायलॉन टायर एकाच जागी पडून चपटा झाला असणार. गरम होऊनही थरथर राहिली तर टायरच गोल नाही. बॅलन्सिंगवर पैसे घालू नका.

मधलीच नक्षी झिजते? कडेवर लिहिलेला दाब कमाल वजनासाठी असतो. भरलेली हमवी साडेतीन टन किंवा त्याहून जड, तुमची गाडी कदाचित त्याच्या निम्मी. नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढा, सपाट रस्त्यावर थोडं चालवा. मधलाच खडू पुसला गेला तर हवा जास्त आहे.

गाडी भरकटते किंवा फोर-व्हील काढताना गिअर अडकतो? एकाच एक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळलेत का, चारही टायरचा घेर सारखा आहे का, ते टेपने मोजा.

31 इंचावरून 37 वर गेल्यास स्पीडोमीटर 80 दाखवताना खरा वेग 95 च्या आसपास असतो. टायरच्या वेगाचं अक्षर त्याच हिशेबाने वाचा: जे म्हणजे ताशी 100 किमी, एल म्हणजे 120. ब्रेकचा परिणामही कमी होतो, कारण मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो.

आणि स्टेपनी विसरू नका. रनफ्लॅटसकट हमवीचं चाक 60 किलोच्या घरात जातं. मागच्या दारावरचा ब्रॅकेट ते पेलेल का, आणि पंक्चर झाल्यावर एकट्याने ते उचलता येईल का, हे अंगणातच करून बघा.