संदर्भयादी: आधी नोंद तपासा, मग शैली निवडा

नाशिकच्या द्राक्षबागांतल्या डाऊनी या रोगावर पेपर लिहिताय? मग संदर्भ हाताने टाइप करू नका. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकला की नोंद आपोआप येते. ती तशीच सोडू नका, खऱ्या चुका तिथेच राहतात. 'प्लाझ्मोपारा व्हिटिकोला' हे डाऊनी आणणाऱ्या बुरशीसदृश जीवाचं नाव तिरप्या अक्षरांत हवं. आयात केलेल्या शीर्षकात ते बऱ्याचदा सरळच येतं. शीर्षक सेंटेन्स केसमध्येच (पहिला शब्द आणि विशेषनामंच मोठ्या अक्षराने) साठवा. एपीए या संदर्भशैलीला तेच लागतं, आणि टायटल केस (बहुतेक शब्द मोठ्या अक्षराने) मागणाऱ्या शैलीत झोटेरो स्वतः बदल करतो. माझे एकदा दोन दिवस व्हँकुव्हर या क्रमांकांच्या शैलीतले संदर्भक्रमांक हाताने बदलण्यात गेले. आता जर्नल बदललं तरी झोटेरोत शैली बदलणं मिनिटभराचं काम. सबमिट करताना फील्ड कोड (फाइलमधले संदर्भ झोटेरोशी जोडणारे छुपे कोड) काढायचे, म्हणजे संदर्भ अनलिंक करायचे असतील, तर आधी फाइलची प्रत करून ठेवा. अनलिंक केलेले संदर्भ पुन्हा जोडता येत नाहीत.