चांदीच्या आयनांचे द्रावण कसे टिकवावे: सिल्व्हर नायट्रेटची बाटली भरण्यापासून तपासण्यापर्यंत

कोकण किनाऱ्यावरची विहीर असो की पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातली बोअर, पाण्यात क्लोराइड किती आहे हे मोजायला प्रयोगशाळेत आजही सिल्व्हर नायट्रेटचेच द्रावण हाताशी घेतले जाते. हे द्रावण किती महिने टिकते, असे मला विद्यार्थी नेहमी विचारतात. महिन्यांत उत्तर देणे मला योग्य वाटत नाही, कारण पाण्यात विरघळलेला चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला चांदीचा कण, वयामुळे नाहीसा होत नाही. एक तर तो क्लोराइडशी संयोग पावून पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो, नाही तर धूळ, कागदाचा कण, रबर किंवा बोटांचा घाम यांच्या संपर्काने आणि प्रकाशाच्या मदतीने त्याची काळी धातुरूप चांदी होते. बाहेरून काही आत गेले नाही, तर तपकिरी काचेच्या बाटलीतले द्रावण कित्येक महिने जसेच्या तसे राहते.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करावी. ऊर्ध्वपातित पाणी म्हणून आणलेल्या कॅनमधले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत, आणि नळी काळ्या कागदासमोर धरून पाहावी. दुधासारखी किंचित जरी झाक आली, तरी ते पाणी या कामासाठी घेऊ नये. ही झाक किती महागात पडते ते हिशेबानेच कळेल. पाणी तपासणीसाठीचे 0.0141 नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) द्रावण असे असते की त्याचा 1 मिलिलिटर 0.5 मिलिग्रॅम क्लोराइडला पुरतो, म्हणजे 1 लिटर द्रावणाची एकूण ताकद 500 मिलिग्रॅम क्लोराइडची. ते लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या नळाच्या पाण्यात केले, तर त्याची दहा टक्के ताकद बाटलीत भरण्यापूर्वीच संपलेली असते.

आता वजन. सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक 2.395 ग्रॅम घ्यावेत आणि 1000 मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत द्रावण करावे. चमचा स्टीलचा किंवा तांब्याचा नको, काचेचा अथवा प्लास्टिकचा घ्यावा. लोखंड किंवा तांबे द्रावणात जाते आणि त्याच्या बदल्यात चांदी बाहेर पडते. हातमोजे घालावेत. डाग ताबडतोब दिसत नाही, काही तासांनी उजेडात बोटे तपकिरी-काळी पडतात, आणि तो रंग कातडीचा वरचा थर झडेपर्यंत जात नाही.

बाटली तपकिरी काचेची असावी, आतून ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा आणि शेवटी याच द्रावणाने एकदा खंगाळलेली. बूच काचेचे किंवा पॉलिइथिलीनचे असावे. एका उन्हाळी सुट्टीनंतर मी रबरी बुचाची बाटली उघडली, तेव्हा बुचाच्या कडेला आरशासारखे काळपट कडे आले होते आणि द्रावणात काजळीसारखे बारीक कण तरंगत होते. वर्गातल्या मुलांना मी ते बूच मुद्दाम हातात न देता दुरून दाखवले. तेव्हापासून रबर या बाटलीच्या जवळपासही येऊ देत नाही. बाटली बंद कपाटात, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवावी. फ्रिजची गरज नाही. मिठाच्या आम्लाची (हायड्रोक्लोरिक आम्लाची) बाटली मात्र त्याच कपाटात ठेवू नये, कारण तिच्या वाफेतही क्लोराइड असते. लेबलवर तीव्रता, केल्याची तारीख आणि शेवटची तपासणी केल्याची तारीख अशा तीन नोंदी असाव्यात. ब्युरेटमध्ये, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या खुणांच्या नळीत, उरलेले द्रावण कधीही परत बाटलीत ओतू नये. इतक्या वर्षांत बिघडलेल्या ज्या बाटल्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचे कारण हेच होते.

तपासणी ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. वाळवलेले सोडियम क्लोराइड 0.824 ग्रॅम घेऊन 1 लिटर द्रावण करावे. त्याची तीव्रताही 0.0141 नॉर्मल होते. त्यातले 10 मिलिलिटर पिपेटने कोनिकल फ्लास्कमध्ये घेऊन पाणी घालून 100 मिलिलिटर करावे, 1 मिलिलिटर पोटॅशियम क्रोमेट घालावे आणि पिवळ्या रंगावर पहिली टिकणारी लालसर झाक येईपर्यंत सिल्व्हर नायट्रेट सोडावे. नुसत्या पाण्यावरही हेच करून येणारा आकडा, जो बहुधा 0.2 ते 0.3 मिलिलिटर असतो, वजा करावा. वजाबाकीनंतर 10.0 ऐवजी 10.3 मिलिलिटर लागले, तर खरी तीव्रता 0.0137 उरली आहे. ही तपासणी न करता जुन्याच आकड्याने हिशेब केला, तर लिटरमागे 250 मिलिग्रॅम क्लोराइड असलेले पाणी 257 च्या वर दिसते, आणि पिण्याच्या पाण्याच्या आय.एस. 10500 या भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा नेमकी 250 ची आहे. एखाद्या गावाच्या विहिरीवर शिक्का बसतो, आणि दोष असतो आपल्या बाटलीचा. महिन्यातून एकदा, आणि अहवाल द्यायचा असेल त्या दिवशी न चुकता, ही तपासणी करावी. द्रावण गढूळ किंवा काळे दिसले तर गाळून वापरण्याचा मोह टाळावा.

द्रावण जितके विरल, तितके ते नाजूक. लिटरमागे 10 मिलिग्रॅम चांदी असलेल्या द्रावणाला निकामी करायला लिटरमागे 3.3 मिलिग्रॅम क्लोराइड जवळजवळ पुरेसे आहे, आणि तेवढे क्लोराइड नीट न धुतलेल्या बाटलीतूनही येऊ शकते. त्यामुळे विरल द्रावण साठवू नये. दाट द्रावण ठेवून लागेल तेव्हा लागेल तेवढेच विरल करावे. असे विरल द्रावण पिवळसर दिसू लागले, तर अंधारात टॉर्चचा बारीक झोत त्यातून सोडून बाजूने पाहावे. झोताची वाट उजळून दिसली, तर आयनांचे सूक्ष्म धातुकण झाले आहेत असे समजावे. अशी द्रावणे औषध म्हणून पिण्यासाठी विकली जातात. ती पिऊ नयेत. शरीरात साठलेल्या चांदीने कातडी कायमची निळसर-राखाडी होते.

एक इशारा जीवावर बेतणाऱ्या गोष्टीचा आहे. आरसा-चाचणीसाठी, म्हणजे काचेवर चांदीचा आरसा उमटवणाऱ्या प्रयोगासाठी, सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया घालून केलेले द्रावण कधीही साठवू नये. ते ठेवल्यावर, विशेषतः वाळल्यावर, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. ते त्या वेळेपुरतेच परीक्षानळीत करावे आणि काम होताच विरल नायट्रिक आम्ल घालून आम्लधर्मी करावे.

उरलेली चांदीची द्रावणे बेसिनमध्ये ओतू नयेत. मोठ्या बरणीत ती गोळा करून मिठाचे पाणी घालावे, दुसऱ्या दिवशी वरचे नितळ पाणी काढून टाकावे आणि पांढरा साका चांदी परत मिळवणाऱ्याकडे देण्यासाठी ठेवून द्यावा. तो उजेडात जांभळट पडतो, त्याने काही बिघडत नाही.