लॅपटॉपमध्ये डीव्हीडी अडकली? आधी ती सुरी बाजूला ठेवा

आपल्याकडे इंदूरात कितीतरी मराठी घरांत लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडी अजून कपाटात आहेत आणि बहुतेक वेळा ती एकच कॉपी असते, म्हणून ती जुन्या लॅपटॉपमध्ये अडकली की जीव वरखाली होतो, ते अगदी साहजिक आहे. पण घाई करू नका.

आधी जो प्लेयर चालू आहे तो पूर्ण बंद करा, मग विंडोजमध्ये ड्राइव्हच्या आयकॉनवर राइट क्लिक करून इजेक्ट दाबा, कारण फाइल वापरात असली तर नुसतं बटण दाबून ट्रे उघडत नाही. नाहीच झालं तर रिस्टार्ट करून परत बघा.

तरी नाही? मग लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा आणि डिस्क फिरायची थांबू द्या. आता ट्रेच्या पुढच्या पट्टीवर बटणाजवळ एक बारीक भोक दिसेल, ते ह्याचसाठीच दिलेलं असतं. पेपर क्लिप सरळ करा आणि त्यात अगदी सरळ घाला, तिरपी नको. टाचणी घेऊ नका, वाकते, आणि सिमची पिन बरेचदा आखूड पडते. आत काहीतरी अडल्यासारखं लागलं की जरा जोर द्या, खट्ट होऊन ट्रे थोडासाच बाहेर येईल, कारण लॅपटॉपच्या ट्रेला मोटर नसते, नुसता खटका आणि स्प्रिंग असते, पुढचं हाताने हळूच ओढायचं. ट्रे मध्येच अडला तर डिस्क मधल्या गोल चकतीवर नीट बसलेली नसते, वर घासत असते, तेव्हा ट्रे किंचित आत ढकलून परत ओढा.

सुरी, स्क्रूड्रायव्हर खरंच नको. लोकांना वाटतं चमकती बाजू जपली की झालं, पण अडकलेली डिस्क सीडी असेल तर तिच्यात डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथे ओरखडा गेला की गेलंच.

जुन्या मॅकबुकमध्ये ट्रेच नसतो, नुसती फट असते, भोकही नाही. तिथे रिस्टार्ट करताना ट्रॅकपॅडचं बटण दाबून धरा, डिस्क बाहेर येते. अशा फटीत छोटी ८ सेंटिमीटरची डिस्क किंवा कागदी स्टिकर लावलेली डिस्क कधीच घालू नका.

एवढं करूनही नाही निघाली तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात दाखवा आणि आधीच सांगा की ड्राइव्ह गेला तरी चालेल, डिस्क वाचवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये खालचा एक स्क्रू काढला की अख्खा ड्राइव्ह सरकून बाहेर येतो, मोठं काम नाही. डिस्क हातात आली की त्याच दिवशी दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमधून तिची कॉपी पेनड्राइव्हवर करून घ्या.