नायट्यासाठी टाकळ्याचं मलम

आमच्या चोपड्याकडे पाऊस लागला की बांधाबांधावर टाकळा माजतो. कोवळा असताना त्याची भाजी होते, शेंगा वाळल्या की बी मलमासाठी. संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे नायटा घालवणारा.

बी उन्हात कडक वाळवून कुटते, वस्त्रगाळ करते. 100 ग्रॅम करंजतेलात 10 ग्रॅम पूड आणि मूठभर सुकलेला कडुलिंबाचा पाला घालून ते भांडं उकळत्या पाण्यात दोन तास ठेवते. पाला खुळखुळीत वाळलेला हवा. पाण्याचा अंश राहिला की बुरशी धरते. माझा पहिला घाणा असाच वाया गेला. मग सुती फडक्यातून गाळून गरम तेलातच मधमाशांचं मेण विरघळवायचं. हिवाळ्यात 15 ग्रॅम पुरतं. मे महिन्यात जळगावकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा 22 ग्रॅम लागतं, नाहीतर डबीत तेल सुटतं. गार बशीवर थेंब टाकून पाहा; बोटाखाली लोण्यासारखं पसरलं की जमलं.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. ओल्या जखमेवर अजिबात नको.

माझ्या जावेनं दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम महिनाभर चोळलं. खाज थांबली, पण चट्टा पाठभर पसरला. शेवटी त्वचातज्ज्ञांच्या गोळ्यांनीच बरा झाला. म्हणून कळकळीनं सांगते, हे टाकळ्याचं मलम लहानशा चट्ट्यापुरतंच. आठवड्यात फरक नसेल, पू असेल किंवा मधुमेह असेल, तर थेट डॉक्टरकडे जा. आणि घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा.