स्पिटफायरचा पंप काढण्याआधी

ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलणारा पंप बदलणं हे तासाभराचं काम. दोन नट, दोन पाइप, एक गॅस्केट. तरी गाड्या उघड्या पोटाने तीन-तीन आठवडे पार्किंगमध्ये पडून राहतात आणि वायपरखाली सोसायटीच्या सेक्रेटरींच्या चिठ्ठ्या जमतात, कारण सामान जमायच्या आत कोणीतरी पाना हातात घेतलेला असतो. म्हणून सगळं हाताशी येईपर्यंत काहीही सोडायचं नाही. बघायचं मात्र आजच.

आधी गळती कुठून आहे ते. पंप फडक्याने कोरडा पुसायचा, खालचा हाताने दाबायचा लिव्हर दहा-बारा वेळा चालवायचा आणि ओल कुठे येते ते पाहायचं. वरच्या टोपीच्या कडेला आली तर आतलं वॉशर गेलंय, पाइपाच्या तोंडाशी आली तर क्लिप, दोन्ही किरकोळ. बुडाशी असलेल्या बारीक भोकातून आली तर डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलाय.

आणि डायफ्राम फाटला की पेट्रोलला दोन वाटा मिळतात. एक बाहेर, ती फरशीवर दिसते. दुसरी इंजिनच्या आत, थेट ऑइलमध्ये. तेव्हा डिपस्टिक काढून वास घ्या, थेंब बोटांत चोळा. माझ्या १९६४च्या गाडीत ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर गेलं होतं आणि मी महिनाभर खूश होतो, की बघा, साठीची झाली तरी गाडी ऑइल खात नाही! ऑइल असं पातळ झालं असेल तर इंजिन अजिबात चालू करायचं नाही; २०डब्ल्यू-५० ऑइलचा चार लिटरचा कॅन आणि फिल्टर यादीत वाढवायचा.

सामानाला पुण्याच्या नाना पेठेत जाल तेव्हा 'स्पिटफायर' म्हणू नका, काउंटरवरचा माणूस मानही वर करणार नाही. 'हेराल्ड' म्हणा. १९६२च्या पहिल्या स्पिटफायरमधलं ११४७ सीसीचं इंजिन हेराल्डच्याच घराण्यातलं, आणि स्टँडर्ड हेराल्ड आपल्याकडे मद्रासला बनायची. पंपाचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि दोन स्टडमधलं अंतर मोजून न्या. नवा पंप मिळाला नाही तर जुन्यासाठी रिपेअर किट घ्या, पण डायफ्राम इथेनॉलला टिकणारा आहे ना, हे विचारूनच. आता पेट्रोल भरायला गेलं की २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. पाइपाचंही तेच; त्यावर इथेनॉलला टिकणाऱ्या पाइपाची खूण, एसएई जे३० आर९, छापलेली बघा. गॅस्केट दोन घ्या, एक फाटतंच. 'इलेक्ट्रिक पंप बसवून टाका साहेब' हा सल्ला फुकट मिळेल. या एसयू कार्बोरेटरना दीड ते अडीच पीएसआयच्या आसपासचं प्रेशर लागतं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात तर पेट्रोल कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधून, म्हणजे पेट्रोलच्या वाटीतून, वर उसळेल.

पाने इंची हवेत. पंपाचे नट अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे खातो. बोहरी आळीत अर्ध्या इंचाचा रिंग पाना सुटा मिळतो, तो घ्याच.

जागा मोकळी हवी, बेसमेंट तर नकोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचून राहते आणि ठिणगीची वाट बघते. सकाळी लवकर करा. आग विझवायचा डीसीपीचा (कोरड्या पावडरचा) सिलिंडर हाताच्या अंतरावर, उजेडाला एलईडी, आणि वॉचमनकाकांना बिडी घेऊन लांब बसायला आधीच सांगून ठेवायचं. ते येतातच बघायला. बॅटरीचं अर्थिंगचं टर्मिनल आधी काढायचं. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये अर्थिंग पॉझिटिव्हला असतं, सवयीने काळी वायर शोधत बसू नका.

टाकी रिकामीच्या जवळ आणून ठेवा. भरलेली असली तर पाइप काढताक्षणी पेट्रोल आपोआप वाहू लागतं. त्या तोंडात बसेल असा बोल्ट आणि खाली झाकणाचा पत्र्याचा डबा तयार ठेवा. ते पेट्रोल गटारात ओतायचं नाही.

या गाडीचं एक सुख आहे: अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि पुढच्या चाकावर चक्क बसून काम करता येतं. टायरवर टाकायला जुनी उशी आणा.

बसवताना घाई एकाच ठिकाणी नडते. पंपाचा आतला दांडा कॅमशाफ्टवर, म्हणजे त्याला हलवणाऱ्या इंजिनमधल्या फिरत्या शाफ्टवर, बरोबर बाजूने टेकला पाहिजे. म्हणून जुना काढतानाच दांडा कसा बसलाय त्याचा फोटो घ्यायचा. पंप हाताने दाबून ब्लॉकला जवळजवळ टेकत नसेल, तर नट आवळून ओढू नका, दांडा मोडेल. इंजिन थोडं फिरवून पुन्हा बघा. नंतर हाताचा लिव्हर ढिला लागला, पंप भरेना, तर कॅमशाफ्टचा उंचवटा (कॅम) दांड्याला उचलून बसलाय. इंजिन एक फेरा फिरवलं की लिव्हरला जोर येतो.

शेवटची वस्तू म्हणजे पांढरा पुठ्ठा. इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं की पंपाच्या बरोबर खाली सरकवायचा आणि रात्रभर ठेवायचा. पेट्रोल उडून जातं, पण डाग मागे राहतो.